माळ्यावरची बरणी दिवाणखान्यात



आजच्या विषयाची पाटी वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच अडवलं. "सर, तत्त्वज्ञान सोडून बरण्या कधीपासून?" त्यांना एवढंच सांगतो की तत्त्वज्ञानाच्या माणसाचा जन्म मडक्यांतच जातो. न्यायशास्त्राचं कोणतंही पान उघडा, तिथं घट असतोच. घट आहे, घट नाही, घट फुटला, घट अजून घडायचा आहे. वेदान्त्याला आकाश समजावून सांगायचं झालं तर त्यालाही घटच लागतो, घटाकाश आणि महाकाश. आम्ही सगळी नोकरी फळ्यावर घटाचं चित्र काढण्यात घालवली, आणि ते चित्र दर वर्षी थोडं अधिकच वाईट येत गेलं. तेव्हा एक दिवस खऱ्या बरणीविषयी बोललो तर फार मोठं विषयांतर होणार नाही.

निमित्त असं झालं. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाटाचा रस्ता जातो. त्या बाजूला हल्ली शहरातल्या लोकांचे सुट्टीचे बंगले झाले आहेत. अशाच एका बंगल्यात आम्हाला जेवायला बोलावलं होतं. गृहस्थ सज्जन, वाचनाची आवड असलेले. जेवणानंतर त्यांनी आपला संग्रह दाखवला. भिंतीला सलग फळी, फळीत खालून दिवे, आणि त्यावर सात बरण्या. एकीत सुकवलेल्या गवताचे तुरे. दुसरीवर दिव्याची छत्री बसवलेली. "सर, सगळ्या अँटिक चायनीज. दीडशे वर्षांच्या खाली एकही नाही."

आम्ही एक उचलली. वरचा अर्धा भाग तपकिरी, खालचा पांढुरका, गळ्यापाशी दोन कान. उलटी करून पाहिली तर बुडाशी इंग्रजी अक्षरांचा पुसट शिक्का. मंडळी, ही बरणी तुमच्यापैकी प्रत्येकाच्या आजीकडे होती. आमच्याकडे पाच होत्या.

इथे पहिला घोटाळा शब्दाचा आहे. 'चिनी माती' म्हणजे चीनमधली माती नव्हे. ते एका जातीच्या मातीचं नाव आहे, जसं 'अहमदाबादी मेवा' म्हटल्यावर तो अहमदाबादहूनच यावा लागत नाही. ही माती आधी चीनमध्ये नावारूपाला आली. जिंगदेझेन या कुंभारनगराजवळ गाओलिंग नावाची टेकडी आहे, तिच्यावरून साऱ्या जगाने 'केओलिन' हे नाव घेतलं. पण तपकिरी-पांढरी लोणच्याची बरणी आपल्याकडे आली ती बहुतेक सौराष्ट्रातून, थानगड आणि वांकानेरच्या भट्ट्यांतून. काही ग्वाल्हेरहून, तर दक्षिणेत राणीपेटहून. आणि थानगडच्या या धंद्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाय रोवला तो परशुराम गणपुले या मराठी माणसाने. परशुराम पॉटरी वर्क्स हे नाव जुन्या लोकांना आठवत असेल. म्हणजे बंगल्यातली ती 'चायनीज' बरणी एखाद्या गणपुल्यांच्या कारखान्यातून निघाली असण्याचीच शक्यता जास्त.

हे आम्ही यजमानांना सांगितलं नाही. त्यांचं मीठ नुकतंच खाल्लं होतं.

आता म्हणाल, मग खरी चिनी बरणी आपल्या बाजूला आलीच नाही का? भरपूर आली. रायगड जिल्ह्यातच, चौलच्या उत्खननात चिनी पोर्सेलिनचे तुकडे मिळाले आहेत. उत्तरेला संजाणलाही मिळाले. कोकणचा किनारा अरबस्तानाशी आणि पूर्वेच्या बेटांशी व्यापार करत होता, त्या व्यापारात ही भांडी येत होती. महाड समुद्रापासून आत आहे खरं, पण सावित्रीतून बाणकोटच्या खाडीमार्गे गलबतं दासगाव-महाडपर्यंत येत, आणि इथून माल बैलांच्या पाठीवर वरंध घाटाने देशावर जाई. त्या मालात चिनी भांडं कधीच नव्हतं असं कोण म्हणेल?

पण ती बरणी काय म्हणून येई, हे पाहण्यासारखं आहे. हिंदीत बरणीला मर्तबान म्हणतात. मर्तबान हे ब्रह्मदेशातल्या एका बंदराचं नाव. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता पूर्वेकडच्या एका राजकन्येने दिलेल्या भेटींची यादी देतो, तिच्यात चार मोठे मर्तबान आहेत. त्यांत काय होतं? आलं, मिरी, लिंबू आणि आंबा. सगळं मिठात मुरवलेलं, समुद्रप्रवासासाठी. म्हणजे सहा-सातशे वर्षांपूर्वीही चिनी-ब्रह्मी बरणीत कैरीच होती! जुनी, अस्सल, जाड बुडाची, खांद्यावर कान असलेली जी मोठी बरणी आज लाखालाखाला विकली जाते, ती मुळात वेष्टन होती. तेल, लोणचं, आलं, मासा यांचं वेष्टन. आपण बिस्किटाचा पत्र्याचा डबा रिकामा झाल्यावर ठेवून घेतो ना, तसं लोकांनी ते ठेवून घेतलं. राजवाड्यासाठी केलेलं भांडं वेगळं, ते इतक्या सहज खाडीतून वर येत नसे. ते पाहायचं तर मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतली चिनी भांडी तिथं आहेत. तिकीट काढून जावं, डोळे भरून पाहावं आणि घरी परत यावं.

तर आमची पहिली तक्रार शौकाबद्दल नाही, लेबलाबद्दल आहे. 'अँटिक चायनीज' या दोन शब्दांनी भांड्याचा खरा इतिहास पुसला जातो आणि त्याजागी एक खोटा, चकचकीत इतिहास बसतो. त्यात कायद्याची एक गंमत आहे. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावशेष ठरते, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे विक्रेता दीडशे वर्षांची हमी देत असेल आणि परवाना दाखवत नसेल, तर तो खोटं बोलतो आहे अशीच आशा करावी. तो खरं बोलत असेल तर पंचाईत आपलीच.

बुडावरच्या चिनी अक्षरांनाही भुलू नये. अमुक सम्राटाच्या कारकिर्दीत बनवलं, अशी सहा अक्षरं बुडावर लिहायची चिनी रीत आहे. पण कांग्शी सम्राटाच्या काळातले कारागीर (हा काळ १६६२ ते १७२२) आपल्या भांड्यांवर दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगह्वाचं नाव सर्रास घालत. कधी आदर म्हणून, कधी फसवणूक म्हणून. म्हणजे नक्कलसुद्धा तीनशे वर्षांची अँटिक असू शकते! इथे 'अस्सल' या शब्दाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. आमच्या विषयात त्यावर प्रबंध होतात.

आता मुद्द्याकडे येतो. घरसजावटीच्या मासिकांत बरणीचं जे छायाचित्र येतं त्यात ती नेहमी रिकामी असते. ती रिकामी आहे हेच तिचं सौंदर्य, असं खाली लिहिलेलं असतं. आणि लिहिणारा थोडा वाचलेला असेल तर लाओत्झूचं नाव घेतो. ताओ ते चिंगच्या अकराव्या प्रकरणात भांड्याच्या पोकळीचा विचार आहे खरा. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरनेही १९५० च्या 'वस्तू' या व्याख्यानात सुरई घेतली आणि म्हटलं की धरून ठेवते ती माती नव्हे, आतली पोकळी. पण दोघांचंही नाव दिवाणखान्याच्या बाजूने घेता येत नाही. लाओत्झूची पोकळी उपयोगाची आहे. हायडेगरची पोकळी ओतण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या पेल्यात पडण्यासाठी. काहीच भरायचं नाही आणि काहीच ओतायचं नाही, अशी पोकळी या दोघांच्या डोक्यात नव्हती.

आमचे नैयायिक यात अधिक काटेकोर. अभाव चार प्रकारचा, असं ते सांगतात. वस्तू व्हायच्या आधीचा तो प्रागभाव, फुटल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, कधीच नसण्याचा अत्यंताभाव, आणि हे ते नव्हे, हा अन्योन्याभाव. वैशाखात आई रिकामी बरणी उन्हात ठेवायची तेव्हा तिच्यात लोणच्याचा प्रागभाव होता. येणाऱ्या लोणच्याची जागा होती ती. बंगल्यातल्या बरणीत लोणच्याचा अत्यंताभाव आहे. दोन्ही बरण्या रिकाम्याच; छायाचित्रात फरक दिसणार नाही.

ही वैशाखातली रिकामी बरणी आम्हाला फार चांगली आठवते. माळ्यावरून ती उतरवायची म्हणजे एक माणूस शिडीवर, एक खाली, आणि आई मध्ये उभी राहून दोघांनाही रागावते आहे. मग कोमट पाण्याने धुणं. मग दोन दिवस कडक ऊन. टिचकी मारून आवाज ऐकायचा. बारीक तडा असला तर आवाज बद्द येतो. बाजारात घेतानाही बायका टिचकी मारूनच घेत, बुडावरचा शिक्का कोणी वाचत नसे. मग निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून त्या धुरीवर बरणी पालथी. मग फोडी, मीठ, मसाला, वर बोटभर तेल. तोंडाला पांढरा दादरा बांधायचा आणि माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची. महाड-पोलादपूरचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला 'बेगमी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. चार महिने भाजी मिळेलच याची खात्री नाही, वाट बंद, दरड आली. तेव्हा भातावर घ्यायला जे होतं ते त्या बरणीत होतं. आणि ते टिकत होतं याला कारण चिनी माती. पितळेत आंबट कळकतं, साध्या मडक्यातून तेल झिरपतं. चकाकी दिलेल्या, कडक भाजलेल्या बरणीत मीठ आणि आंबट वर्षभर राहतं आणि भांड्याला काही होत नाही.

मग या बरण्या बाजारात कशा गेल्या? काही फ्रीज आल्यावर गेल्या. काही वाटण्या झाल्यावर. आणि काही पुरानंतर. २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीचं पाणी महाडमध्ये किती चढलं ते इथे बसलेल्यांना आम्ही काय सांगणार. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला जे ढीग लागले त्यांत फुगलेली कपाटं होती, गाद्या होत्या, आमच्या एका मित्राचा सारा ग्रंथसंग्रह लगदा होऊन पडला होता. त्या ढिगांत बरण्या मात्र धडधाकट होत्या. आत गाळ भरलेला, तो काढून धुतली की झाली पूर्वीसारखी. पण धुवायला कोणाच्या अंगात त्राण होतं? आम्ही स्वतः आमच्या पाचांपैकी चार बरण्या एका भंगारवाल्याला दिल्या. किती पैसे मिळाले ते आठवत नाही, म्हणजे फार नसावेत. घराबाहेरचा ढीग कमी झाला एवढंच समाधान वाटलं.

तेव्हा त्या बंगल्यातल्या गृहस्थांना नावं ठेवण्याचा अधिकार आम्हाला फारसा नाही. त्यांनी निदान फळीवर ठेवली.

वॉल्टर बेन्यामिन या विचारवंताने संग्राहकाची बाजू फार सुंदर मांडली आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की संग्राहक वस्तूला उपयोगी पडण्याच्या वेठबिगारीतून सोडवतो. हे वाक्य आम्ही वर्गात शिकवलं आहे, आणि पुण्याचं केळकर संग्रहालय पाहताना ते आम्हाला पटलंही. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, स्वयंपाकाची भांडी, सगळं घरगुती सामान आयुष्यभर जमवलं. पण तिथे अडकित्ता अडकित्ताच राहतो. त्याला कोणी भोक पाडून टेबलावरचा दिवा केलेला नाही.

हो, भोक. आमचा खरा वाद त्या भोकाशी आहे. बंगल्यातल्या ज्या बरणीवर दिव्याची छत्री होती तिच्या बुडाला विजेच्या वायरसाठी भोक पाडलं होतं. हल्ली हे सर्रास होतं, मोठमोठ्या दुकानांत तयारच मिळतात. आमच्या मते सजावटीच्या दोन जाती आहेत. बरणी फळीवर ठेवली, त्यात गवत ठेवलं, काही हरकत नाही; उद्या नातसुनेच्या मनात आलं तर गवत काढून, ऊन देऊन ती कैरी भरेल. तिथे बरणी झोपली आहे. भोक पाडलं की नैयायिकाच्या भाषेत प्रध्वंसाभाव सुरू झाला, आकार जसाच्या तसा असला तरी. भांडं फुटल्याचा आवाज येत नाही म्हणून ते फुटलं नाही असं समजू नये. घराची शोभा ही गोष्ट आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. पण वस्तूचा पुढचा जन्म बंद करणारी शोभा आम्हाला मान्य नाही.

इथवरचं हे सगळं आम्ही मागे एका छोट्या बैठकीत बोललो होतो. तेव्हा समोर बसलेल्या एक निवृत्त शिक्षिका बोलल्या. त्या महाडच्याच. त्या म्हणाल्या, "सर, तुमचं सगळं ऐकलं. पण तुमच्या आईच्या त्या बरणीला आमच्या आईला हात लावता आला असता का? ती दिवाणखान्यात आली म्हणून तुम्हाला वाईट वाटतं. आम्हाला तर ती तिथेच पहिल्यांदा दिसली."

मंडळी, आम्ही उत्तर दिलं नाही. कारण उत्तर होतं, 'नाही.' लोणचं सोवळ्यातलं. बरणीला घरातल्या घरातही सगळ्यांचा हात लागत नसे; विटाळशीचा नाही, आम्हा पोरांचा नाही. मग बाहेरच्यांचं काय विचारता? आम्ही धुरी सांगितली, दादरा सांगितला, आणि हे सांगायचं विसरलो. विसरलो म्हणणंही खरं नाही, आम्हाला ते दिसतच नव्हतं.

आणि हे कुठे बोलत होतो, तर महाडमध्ये. जिथे नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला आणि तो कागदावर राहिला. जिथे २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक त्या तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळं शुद्ध केलं ते कशाने? एकशे आठ घागरी पाणी काढून टाकून, आणि घागरींत दही, दूध, शेण, गोमूत्र घालून, त्या मंत्र म्हणत तळ्यात बुडवून. शुद्धीचं साधनही मडकंच होतं. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ चा मार्च उजाडला. आम्ही आयुष्यभर फळ्यावर जो घट काढला त्याला कोण शिवलं, हा प्रश्न एकाही परीक्षेत आम्ही विचारला नाही. शास्त्रांत मात्र तो पुरेपूर विचारलेला आहे. धातूचं भांडं घासून शुद्ध होतं. मातीचं बाटलं तर पुन्हा भाजावं लागतं, आणि फारच बाटलं तर तेही चालत नाही. घट म्हणजे केवळ पोकळी नव्हे, तो स्पर्शाचा हिशेब ठेवणारा पदार्थ आहे.

चिनी भांड्याने या हिशेबात थोडी गडबड केली असावी असं आम्हाला वाटतं. ते मातीचं, पण शोषत नाही. धुतलं की मागचं काही उरत नाही. परदेशी, म्हणून आधी संशय. त्यात बोन चायनात खरोखरच हाडांची राख असते, तेव्हा संशय अगदी निराधार नव्हता. पण १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे-टिळकांसारखी माणसं चहा प्यायली आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली, तेव्हा प्रश्न भांड्याच्या मातीचा नव्हता, चहा कोणाच्या हातचा हा होता. पुढे कपबशी घरोघर आली; आणि गावोगावच्या हॉटेलांत काही लोकांसाठी बाहेर वेगळी टांगलेलीही आली. धुतल्यावर स्वच्छ होणाऱ्या भांड्यावरही माणसांनी हिशेब चालूच ठेवला. तेव्हा बरणीच्या गुणाचं कौतुक करताना जरा जपून.

मग बाईंचं म्हणणं मान्य केलं तर दिवाणखान्याची बाजू खरी ठरते का? बेन्यामिनच्या वेठबिगारीसारखी बरणी सोवळ्यातूनही सुटली, असं म्हणावं का? आम्ही तसं म्हणून पाहिलं. पण बंगल्यातल्या त्या फळीच्या कडेला एक छोटीशी, सुबक पाटी होती: 'कृपया हात लावू नये.' आम्ही बरणी उचलली तेव्हा यजमान काही बोलले नाहीत, पण भांडी घासणाऱ्या मावशींना त्या फळीवरची धूळसुद्धा पुसायची मनाई होती, ते काम ते स्वतः करत. कारण आता किंमत होतं, विटाळ नव्हे. या दोन कारणांत फरक आहे, आणि तो मोठा आहे. पैशाने येणारी मनाई पैशाने उठते, जन्माने आलेली उठत नाही. पण मावशींचा हात दोन्हीकडे बाहेरच राहिला, हेही खरं.

त्या शिक्षिकाबाईंकडे आम्ही पुढे एकदा गेलो होतो. जाताना आमच्याकडे उरलेली पाचवी बरणी घेऊन गेलो. मनात काहीतरी भरपाईची कल्पना असावी. बाईंनी चहा दिला, बरणी हातात घेतली, टिचकी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "चांगली आहे सर. पण मी काय करू हिचं? आम्ही दोघंच. लोणचं पावशेर आणतो, फ्रीजमध्ये राहतं." आणि हसून परत दिली. पिशवीतून ती परत आणताना एसटीत आम्ही मांडीवर घेऊन बसलो होतो.

सध्या ती आमच्या दाराशी आहे. पावसाळ्यात तिच्यात छत्र्या असतात. बुडाला भोक नाही.